जुनी पेट्रोल गाडी ऑइल पितेय. इंजिन उघडायचं का?

पर्वतीपायथा | शनिवार, सकाळी ८:१०

नमस्कार मंडळी. गाडी बाबांची. २००९ ची पेट्रोल सेडान, चार सिलिंडर, सोळा वॉल्व्ह, १,३८,००० किमी झालेत. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मागच्या धाग्यात दुसऱ्याच प्रतिसादापासून कंपनीवरून जुंपली आणि माझा प्रश्न तसाच राहिला.

तर गाडी ऑइल पिते. दिवाळीच्या आधी सर्व्हिसिंग केलं. महिन्याभरानं सोलापूरला जाऊन आलो, सहज डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची काडी) काढली तर ऑइल खालच्या खुणेच्याही खाली. पार्किंगमध्ये डाग नाही. सकाळी पहिला स्टार्टर मारला की मागून निळसर धुराचा एक भपका येतो, मग काही नाही. तळमजल्यावरच्या काकू हल्ली बाबांची गाडी गेटबाहेर गेल्यावरच कपडे वाळत घालतात. तोंडानं काही बोलत नाहीत, पण कळतं.

नेहमीच्या गॅरेजवाल्यानं इंजिन चालू ठेवून ऑइलचं टोपण काढलं, वर हात धरला आणि निकाल दिला: "बॅक कॉम्प्रेशन मारतंय, रिंगा गेल्या. हाफ इंजिन करून टाका." म्हणजे इंजिन उघडून पिस्टनवरच्या कड्या (रिंगा) बदलायच्या, ४५ हजार. बाबा गाडी विकायला तयार नाहीत. २०२४ मध्ये पंधरा वर्षं झाली तेव्हा पाच हजार फी आणि वर पर्यावरण कर भरून नोंदणी पाच वर्षं वाढवून घेतलीय, त्यामुळे "२०२९ पर्यंत हिला कोण हात लावतो बघू" असा पवित्रा आहे.

काय करू?

सायलेन्सर | शनिवार, ८:४२

२०डब्ल्यू-५०, म्हणजे दाट ऑइल टाका, धूर बंद. मग विका.

घाटवाट | शनिवार, ९:१५

विका म्हणे! घेणाऱ्याच्या घरी बाबा नाहीत का?

धागाकर्ते, "पिते" म्हणजे किती पिते? हा आकडा हातात आल्याशिवाय कुठलाही सल्ला म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. थोडं ऑइल प्रत्येक इंजिन खातं. फोक्सवॅगन, स्कोडाच्या पुस्तकात तर हजार किमीला अर्धा लिटरपर्यंत चालेल असं छापलेलं आहे. आपण नवी गाडी घेताना ते पान कोणी वाचत नाही, एवढंच.

शिवाय एक गंमत ध्यानात ठेवा. पर्वती ते स्वारगेट, स्वारगेट ते मंडई असं दोन-दोन किमी हिंडणाऱ्या गाडीत इंजिन नीट तापतच नाही. थोडं न जळलेलं पेट्रोल आणि पाण्याची वाफ ऑइलमध्ये उतरत राहते. ऑइल जळतं तेवढंच हे भर घालतं आणि डिपस्टिक म्हणते सगळं झकास. मग एकदा सोलापूर रोडला तीन तास शंभरनं गाडी चालली की ते पेट्रोल-पाणी उडून जातं आणि पातळी धाडकन खाली. तुम्हाला वाटतं एका ट्रिपमध्ये लिटर गेलं. ते दोन महिन्यांचं साचलेलं असतं.

पर्वतीपायथा | शनिवार, ९:३०

हे डोक्यातच आलं नव्हतं. मोजायचं कसं ते सांगा.

घाटवाट | शनिवार, ९:५८

सोप्पं आहे, फक्त शिस्त लागते. पार्किंगमध्ये सपाट जागा शोधा आणि चारही चाकांजवळ खडूनं खुणा करा. आपल्या सोसायट्यांच्या फरश्यांना पाणी जायला उतार असतो, गाडी हातभर पुढं-मागं झाली तरी डिपस्टिक वेगळं सांगते. रोज नको, पण मोजायचं तेव्हा सकाळी, इंजिन चालू करायच्या आधी. काडी पुसा, पूर्ण आत घाला, मग काढून वाचा. आज वरच्या खुणेपर्यंत भरा, किमी लिहा. चार-पाचशे किमी झाले की पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरायला किती मिली लागलं ते लिहा. खोकल्याच्या औषधाची १०० मिलीची रिकामी बाटली धुऊन पूर्ण वाळवून घ्या, त्याहून चांगलं माप नाही.

आणि तोवर लाल दिव्याच्या भरवशावर राहू नका. तो दिवा ऑइलचा दाब पडला की लागतो, पातळी कमी झाली की नाही. तो वळणावर लुकलुकला तेव्हा पंपानं हवा ओढलेली असते आणि बेअरिंगा कोरड्या घासायला लागलेल्या असतात. ४५ हजाराचं काम मग खरोखरच निघतं.

तळ्यातमळ्यात | शनिवार, ११:२०

माझ्या हॅचबॅकचं असंच होतं. गॅरेजनं रिंगा सांगितल्या होत्या, निघालं काय, तर ऑइल प्रेशर स्विचमधून गळत होतं. चालू असतानाच गळायचं आणि खालच्या पत्र्यावर साचायचं, म्हणून जमिनीवर थेंब नाही. डाग नाही म्हणजे गळती नाही असं समजू नका. टॅपेट कव्हरच्या (इंजिनावरच्या झाकणाच्या) पॅकिंगची मागची बाजू, क्रँकचं पुढचं सील, फिल्टरचा काठ, सगळीकडे बोट फिरवा. इंजिन एकदा पुसून घ्या, मग चार दिवसांनी बघा, नव्यानं कुठं ओलं झालंय ते लगेच दिसतं.

आणि प्लग काढा! काढताना कुठला कुठल्या सिलिंडरचा ते लिहून ठेवा.

सायलेन्सर | शनिवार, ११:३१

डिसेंबरात सकाळी सगळ्याच गाड्या धूर सोडतात, काकूंना सांगा.

तळ्यातमळ्यात | शनिवार, ११:४०

ती वाफ. पांढरी असते आणि दोन हातांवर विरून जाते. निळा धूर तरंगत राहतो, वासही करपलेल्या तेलाचा येतो. सायलेन्सरपुढं जुना पांढरा रुमाल धरून बघा. पाण्याचे थेंब वाळतात, तेलाचे ठिपके राहतात. (हे आयडीबद्दल नव्हे.)

भोसरी_शॉपफ्लोअर | शनिवार, रात्री १०:०५

एकतीस वर्षं इंजिन असेंब्लीवर काढली, त्या अधिकारानं थोडं लांबवतो.

गॅरेजवाल्यानं टोपणावर हात धरून निदान केलं, त्यातली मेख अशी. रिंगांवरून थोडा वायू खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतो, प्रत्येक इंजिनात उतरतो. तो साचू नये म्हणून पीसीव्ही नावाचा एक बोटभर वॉल्व्ह असतो, टॅपेट कव्हरवर खोचलेला. तिथून तो वायू इनटेकमध्ये, म्हणजे इंजिन हवा ओढतं त्या नळीत, ओढला जातो आणि पुन्हा जळतो. हा वॉल्व्ह काजळीनं बंद पडला तर दाब जाणार कुठं? टोपण काढलंत की तिथूनच फसफसणार, रिंगा ठणठणीत असल्या तरी. उलट तो उघडाच अडकला तर इनटेक ऑइलची वाफ सरबतासारखी ओढून घेतं. दोन्हीकडून ऑइल जातं, आणि हा भाग तीनशे-चारशे रुपयांचा. आधी तो काढा, कानाजवळ हलवा. टिकटिक वाजला पाहिजे. इंजिन आइडलवर असताना त्याच्या तोंडावर बोट ठेवा, ओढ लागली पाहिजे. वाजतो म्हणजे चांगला असं मात्र नाही. गाडी सोळा वर्षांची आहे, सरळ नवा टाका.

त्यानंतर राहतात दोन रस्ते. ऑइल वरून येतंय की खालून.

वरून म्हणजे वॉल्व्ह सील. वॉल्व्हची दांडी गाईड नावाच्या नळीतून वर-खाली होते, तिच्या मानेवर रबरी टोपी असते. दहा-पंधरा वर्षं उष्णता खाऊन ती कडक होते. रात्रभर हेडमधलं (इंजिनाच्या वरच्या भागातलं) ऑइल दांडीवरून झिरपतं आणि सकाळी पहिल्या स्टार्टला भपका होऊन निघतं. खालून म्हणजे रिंगा, तिथं धूर इंजिनावर ओझं पडलं की येतो, चढावर, चार माणसं बसवून, आणि येतच राहतो. तुमचं वर्णन मला वरचं वाटतंय. पण वाटण्यावर हेड उतरवत नाहीत.

कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडर किती दाब धरतो ती परीक्षा) करा, पण तिच्याकडून काय विचारायचं ते समजून करा. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, कॉइलची आणि पेट्रोल पंपाची वायर काढलेली, अॅक्सिलरेटर तळाला दाबलेला, बॅटरी दमदार. प्रत्येक सिलिंडरला काटा थांबेपर्यंत स्टार्टर. मग त्याच भोकातून चहाचा एक चमचा ऑइल सोडून पुन्हा. आकडा बराच चढला तर रिंगा झिजल्यात, ऑइलनं तात्पुरती फट बुजवली. कमी होता आणि चढला नाही तर गळती बहुधा वॉल्व्ह बसतात तिथली.

आता यातली फसगत. माझ्यासमोर निदान डझनभर लोक फसलेत. पिस्टनला तीन रिंगा असतात. वरच्या दोन दाब धरतात. तिसरीचं काम सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल खरवडून पिस्टनमधल्या बारीक भोकांतून खाली परत पाठवणं. दोन पातळ पट्ट्या आणि मधे स्प्रिंगसारखी नागमोडी पट्टी. ऑइल बदलायला उशीर केला, गाडी महिनोन् महिने उभी राहिली, की काजळीनं ती भोकं बुजतात आणि रिंग खोबणीत चिकटते. मग ती खरवडत नाही. ऑइल भिंतीवर राहतं, जळतं. आणि कॉम्प्रेशनचा काटा? एकदम फर्स्ट क्लास, कारण तो वरच्या दोघींची परीक्षा घेत होता. तेव्हा काटा चांगला आला म्हणून रिंगा निर्दोष, असं लिहून देऊ नका.

पर्वतीपायथा | शनिवार, रात्री १०:४०

काका, साष्टांग. गाडी २०२० साली सात महिने उभी होती. आणि ऑइल बदल... बाबांचं गणित किमीचं होतं, वर्षाचं नव्हतं. दहा हजार व्हायला कधी दोन वर्षं लागायची.

चिकूची_फोड | रविवार, ७:०२

वाचनखूण साठवली.

पर्वतीपायथा | तीन आठवड्यांनी, रविवार, दुपारी १:१५

अहवाल देतो.

४१० किमीत ४८० मिली. म्हणजे साधारण साडेआठशे किमीला एक लिटर. फोक्सवॅगनचं पुस्तक उघडलं तरी आम्ही नापास.

गळती: टॅपेट कव्हरच्या मागं थोडं ओलं, बाकी कोरडं.

पीसीव्ही: काढला, हलवला, गप्प. दगड झाला होता. नवा ३२० रुपयांना मिळाला. बसवल्यावर टोपण काढून पाहिलं तर ते फसफसणं जवळजवळ गेलं. म्हणजे ज्या पुराव्यावर ४५ हजारांची शिक्षा झाली होती तो पुरावा या बोटभर वस्तूचा होता. पुन्हा मोजलं, ५२० किमीत ४५० मिली. साडेअकराशे किमीला लिटर. फरक आहे, पण सकाळचा भपका तसाच.

प्लग: चौघांना 'सकाळ'वर ओळीनं मांडलं. पहिला, दुसरा, चौथा तपकिरी, कोरडे. तिसरा काळाकुट्ट आणि ओला, पेपरवर त्याच्याभोवती तेलाचं वर्तुळ पसरलं. बाबा चष्मा लावून बराच वेळ बघत बसले. म्हणाले, "हाच तो."

कॉम्प्रेशन (दुसऱ्या गॅरेजमध्ये, ६०० रुपये; आकडे किलो प्रति चौ. सेंमी): १२.५, १२.३, ११.८, १२.४. ऑइलचा चमचा टाकून: १३.०, १२.९, १२.३, १३.०.

भोसरी_शॉपफ्लोअर | रविवार, दुपारी ३:३०

एक किलोच्या आत फरक आहे, आणि चमच्यानंतर चौघंही सारखेच थोडे चढलेत. वरच्या रिंगा शाबूत. उरले सील आणि तिसरी रिंग. आता घाट.

घाटवाट | रविवार, दुपारी ३:४५

माझा विषय आला! काही लोक कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना हे करतात. कृपया नको. त्या उतारावर मागं ट्रक असताना धूर बघत बसणं म्हणजे स्वतःचाच धूर करून घेणं. दिवे घाट घ्या, रविवारी पहाटे. (आषाढी वारीत माउलींच्या पालखीचे दिवस सोडून, हे सांगायला नकोच.) एकाच रस्त्यावर दोन्ही परीक्षा होतात.

वडकीकडून वर चढताना तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाला जरा राबवा, मागच्या माणसानं सायलेन्सर बघायचा. सतत निळं येत असेल तर रिंगा. वरून उतरताना गिअर तोच ठेवा आणि पाय अॅक्सिलरेटरवरून पूर्ण काढा. गाडी इंजिनावर उतरू द्या. थ्रॉटल बंद, चाकं इंजिन फिरवतायत, इनटेकमध्ये ओढ सगळ्यात जास्त. सील गेलेले असतील तर ती ओढ हेडमधलं ऑइल दांडीवरून खाली खेचते. पायथ्याशी सपाटी लागली, मागंपुढं कोणी नसलं की अॅक्सिलरेटर द्या. साचलेलं सगळं एकदम जळतं.

बघायचं मागच्यानं. तुम्ही आरशात नाही, रस्त्यावर.

सायलेन्सर | रविवार, ४:१०

पीयूसी तर पास होते ना यांची?

घाटवाट | रविवार, ४:२२

पेट्रोलची पीयूसी उभ्या गाडीवर, आइडलला होते. घाटाखालचा भपका तिला कुठून दिसणार. पण ऑइल जळून त्यातला फॉस्फरस धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर बसत राहिला की एक दिवस तीही नापास होते, आणि कन्व्हर्टरची किंमत ऐकून माणूस बसकण मारतो.

पर्वतीपायथा | पुढचा रविवार, सकाळी १०:५०

मेहुणा बुलेटवर मागं होता. चढताना काही नाही, निदान त्याला दिसेल असं नाही. उतरून वडकीच्या सपाटीला अॅक्सिलरेटर दिला आणि आरशातला मेहुणा गायब झाला. (हो, आरशात पाहिलं, क्षणभर.) निळा ढग. थांबलो, तर तो हेल्मेट काढून खोकत होता आणि हसत होता. चहाच्या टपरीवाल्यानं विचारलं, "डिझेल आहे का?"

आता सील बदलायचे ठरलं. हेड उतरवावं लागेल का?

भोसरी_शॉपफ्लोअर | रविवार, दुपारी १२:१५

हातात कसब असलेला कारागीर असेल तर नाही. कॅमशाफ्ट काढायचा, ज्या सिलिंडरवर काम चाललंय त्याचा पिस्टन वर आणायचा आणि प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा आत ठेवायची, म्हणजे स्प्रिंग सोडल्यावर वॉल्व्ह आत पडत नाही. सोळाच्या सोळा बदला, तिसऱ्याचेच नकोत. टायमिंग बेल्ट त्याच वेळी. गाईडमध्ये दांडी हलवून बघायला सांगा. डगडगत असेल तर नवं सीलही लवकर जाईल आणि मग हेड लेथवाल्याकडं न्यावंच लागेल. सील घेताना व्हायटनचं मागा, साध्या रबरापेक्षा उष्णता कितीतरी जास्त सोसतं.

नाना_पेठी | रविवार, दुपारी १:४०

आणि नाना पेठेत घ्या, पण जुना नमुना खिशात घालून. नुसतं मॉडेल सांगितलंत तर तीन प्रकारचे सील काउंटरवर येतील आणि तिन्ही "यालाच बसतात".

पर्वतीपायथा | सात आठवड्यांनी, शनिवार, सकाळी ९:००

काम झालं. सील, पॅकिंग, बेल्ट धरून सामान ३,८०० आणि मजुरी साडेचार हजार. गाईड ठीक निघाले. मी दिवसभर तिथंच बसून होतो. कारागिरानं जुना आणि नवा सील माझ्या तळहातावर ठेवला. नवा दाबला तर मऊ, बोट सोडलं की पूर्ववत. जुना दाबला तर बांगडीसारखा कडकन मोडला. तिसऱ्या सिलिंडरच्या एका इनटेक वॉल्व्हवरच्या सीलला तर ओठच राहिला नव्हता, नुसती पत्र्याची कडी.

नवीन आकडा: १,२०० किमीत ५०० मिली. चोवीसशेला लिटर. सकाळचा भपका बंद.

सायलेन्सर | शनिवार, ९:२०

म्हणजे अजून पितेच आहे.

भोसरी_शॉपफ्लोअर | शनिवार, ९:५५

ती तिसरी रिंग. आता ऑइल दर पाच हजारांनी किंवा सहा महिन्यांनी बदला, जे आधी होईल ते. काजळी थोडी सुटली तर आकडा अजून सुधारेल, नाही सुधारला तरी बिघडत नाही. प्लगच्या भोकातून सॉल्व्हंट ओतून रात्रभर पिस्टन भिजत ठेवायचा एक उपाय लोक करतात. कधी गुण येतो, कधी नाही. करायचाच तर दुसऱ्या दिवशी प्लग न लावता स्टार्टर मारून सगळं बाहेर उडवा आणि ऑइल बदलूनच गाडी चालू करा. प्लग लावून स्टार्टर मारलात तर आत अडकलेला द्रव दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. तुमच्या आकड्याला मी तो खटाटोप करणार नाही.

पर्वतीपायथा | शनिवार, १०:३०

नाहीच करणार. हिशोब मांडला. वर्षाला आठ हजार किमी, म्हणजे सव्वातीन-साडेतीन लिटर वरचं ऑइल, दीड हजार रुपये. हाफ इंजिनचे ४५ हजार त्यातून वसूल व्हायला तीस वर्षं लागतील, तेव्हा गाडी शेहेचाळिशीची असेल. बाबांनी डॅशबोर्डच्या कप्प्यात वही ठेवलीय. पेट्रोलच्या रकान्याशेजारी आता ऑइलचा रकाना, मिलीमध्ये. औषधाची बाटली डिकीत.

काल काकूंनी गाडी निघायच्या आधीच चादरी वाळत घातल्या होत्या. बाबांनी मला हाक मारून गॅलरीत बोलावलं आणि दाखवलं.

चिकूची_फोड | शनिवार, दुपारी २:१२

आमचीही २०१० ची आहे, सकाळी तस्साच भपका. कारागिराचा पत्ता मिळेल का?

पर्वतीपायथा | शनिवार, दुपारी २:३०

व्यक्तिगत निरोप केला आहे. आधी पीसीव्ही हलवून बघा.